फुगाझी : दोन गिटारींमधली मोकळी जागा

मूळ लेख

वॉशिंग्टन डी.सी.च्या फुगाझी या बँडचा विषय निघाला, की बोलणे पाच डॉलरच्या तिकिटावर येते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. तिकीट स्वस्त ठेवायचे, टी-शर्ट विकायचे नाहीत, मोठ्या कंपनीशी करार करायचा नाही, कार्यक्रमाला कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश द्यायचा, ही त्यांची तत्त्वे मला मनापासून आदरणीय वाटतात. पण त्या आदराच्या ओझ्याखाली त्यांचे संगीत ऐकायचे राहून जाते, असे गेली काही वर्षे सारखे जाणवते आहे. म्हणून हा धागा मुख्यतः त्यांच्या अल्बमविषयी आहे. माझे म्हणणे असे, की फुगाझीची पंधरा वर्षे म्हणजे दोन गिटारवादकांनी एकमेकांसाठी जागा सोडायला शिकण्याची पंधरा वर्षे आहेत, आणि अल्बम क्रमाने ऐकले तर ती जागा वाढत गेलेली स्वच्छ ऐकू येते.

पार्श्वभूमी आवश्यक तेवढीच देतो. फुगाझीचा गायक आणि गिटारवादक इअन मकाय याने जेफ नेल्सनबरोबर १९८० मध्ये डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स हे लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी स्वतःची छोटी कंपनी, सुरू केले, तेही आपल्याच टीन आयडल्स या बँडची छोटी तबकडी काढता यावी म्हणून. त्यानंतरचा त्याचा मायनर थ्रेट हा हार्डकोर पंक (अतिवेगवान, आक्रमक पंक रॉक) वाजवणारा बँड १९८३ मध्ये मोडला. गी पिचोटो आणि ड्रमवादक ब्रेंडन कँटी हे दोघे त्याच शहरातल्या राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडमधले. मकाय, बेसवादक जो लॅली आणि कँटी या तिघांनी ३ सप्टेंबर १९८७ रोजी विल्सन सेंटरमध्ये फुगाझीचा पहिला कार्यक्रम केला, तेव्हा पिचोटो बँडमध्ये नव्हता. तो लवकरच आला, पण गिटार घेऊन आला नाही. हिप-हॉपमध्ये मुख्य गायकाच्या ओळी उचलून धरणारा, त्याला चेव आणणारा दुसरा गायक असतो, तशी भूमिका त्याने स्वीकारली.

त्यामुळे १९८८ ची सात गाण्यांची पहिली तबकडी आणि १९८९ ची 'मार्जिन वॉकर' (या दोन्ही पुढे '१३ साँग्स' या नावाने एकत्र निघाल्या) ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, की हे संगीत मुळात एका गिटारीभोवती रचलेले आहे. उरलेली जागा बेसची आहे, आणि तिच्यात मकाय आणि लॅली या दोघांनाही प्रिय असलेल्या रेगेचा, म्हणजे जमैकातल्या बेसप्रधान संगीताचा, वाटा मोठा आहे. 'वेटिंग रूम' या पहिल्याच गाण्याची सुरुवात एकदा हेडफोन लावून, हातातले काम बाजूला ठेवून ऐकावी. आधी लॅलीचा बेस एकटाच येतो, ठरलेल्या पावलांनी चालणाऱ्या माणसासारखा. मागोमाग गिटार आणि ड्रम येतात, आणि आता कोणीतरी गायला तोंड उघडणार असे वाटते तोच सगळे एकदम थांबते. गिटारीची घरघर नाही, झांजेचा घुमारा नाही. ती शांतता काही सेकंद ताणून धरली जाते, आणि मग जणू मध्ये काही घडलेच नाही अशा रीतीने बेस पुन्हा चालू लागतो. गाणे अर्ध्या मिनिटाचेही झालेले नसते. पुढच्या सगळ्या अल्बमचे बीज मला या थांबण्यात दिसते.

'रिपीटर' (१९९०) हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम, आणि पिचोटोने गिटार हाती घेतल्यानंतरचाही पहिलाच. मकायच्या हातात गिब्सन एसजी ही गिटार, तिचा मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून येणारा जाड, भरीव आवाज. त्याला छेद देऊन वर यावी म्हणून पिचोटोने रिकनबॅकर गिटार निवडली, जिचा आवाज बारीक आणि धारदार आहे. एकाच प्रकारच्या दोन गिटारी एकमेकींवर रचून भिंत उभी करण्याची रॉकमधली नेहमीची रीत त्यांनी पहिल्या दिवसापासून नाकारली. तरीही या अल्बममध्ये दोघेही उतावीळ आहेत, हे मान्य केले पाहिजे. शीर्षकगीतात एक गिटार किंचाळत राहते आणि दुसरी तिच्या अंगावर धावून जाते. ऐकायला विलक्षण आहे, पण अजून कोणी कोणासाठी थांबत नाही.

'स्टेडी डाएट ऑफ नथिंग' (१९९१) विषयी थोडक्यातच लिहितो. आधीचा निर्माता टेड नाइसली तेव्हा स्वयंपाकाच्या व्यवसायाकडे वळला होता, म्हणून बँडने निर्मितीही स्वतःच केली. आवाज कोरडा आणि बसका आला. गाणी चांगली असूनही तो अल्बम मला पूर्ण पकडीत घेत नाही.

'इन ऑन द किल टेकर' (१९९३) ची हकीकत मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९९२ च्या शरद ऋतूत बँड शिकागोला स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाकडे गेला. दोन-तीन गाणी करून पाहू अशा बेताने गेलेली मंडळी अख्खा अल्बम मुद्रित करून परतली. काम चालू असताना सगळे खूश होते. घरी येऊन ऐकले तेव्हा ते मुद्रण कोणाच्याच मनाला येईना, आणि अल्बिनीचेही मत त्याहून निराळे नव्हते. मग हीच गाणी नाइसलीला पुन्हा बोलावून, डॉन झिएंतारा याच्या इनर इअर स्टुडिओत नव्याने मुद्रित केली गेली. एकदा पूर्ण झालेले काम बाजूला ठेवल्याने गाण्यांना दुसरा जन्म मिळाला, असे माझे मत आहे. त्यातले 'इन्स्ट्रुमेंट' हे गाणे ऐकताना दोन गिटारी आळीपाळीने माघार घेताना ऐकू येतात. 'स्वीट अँड लो' मध्ये तर कोणी गातच नाही. हा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्ड नियतकालिकाच्या सर्वाधिक खपाच्या २०० अल्बमच्या यादीत शिरला तो शहराच्या एका लेबलच्या बळावर, कोणत्याही मोठ्या वितरण यंत्रणेच्या जाहिरातीशिवाय.

'रेड मेडिसिन' (१९९५) हा माझ्या दृष्टीने या प्रवासातला खरा वळणबिंदू आहे. पुन्हा निर्मिती स्वतःचीच, पण चार वर्षांपूर्वीची भीड आता गेलेली. 'डू यू लाइक मी' सुरू होते ते गोंगाटाच्या एका चिंधीने, खोलीत टेप चालू ठेवून पकडल्यासारख्या आवाजाने, आणि त्यातून गाणे अचानक स्वच्छ होऊन बाहेर येते. 'व्हर्शन' मध्ये पिचोटो गिटार ठेवून क्लॅरिनेट वाजवतो आणि गाणे बेस व प्रतिध्वनी यांच्या आधाराने तरंगत राहते, म्हणजे सुरुवातीच्या काळातले रेगेचे प्रेम इथे उघडपणे वर येते. 'बाय यू' मध्ये लॅली प्रथमच गातो, तेही जवळजवळ पुटपुटत. दोन गायकांच्या आरड्याओरड्याला सरावलेल्या कानांना तो हलका आवाज फार जवळचा वाटतो. या अल्बमपासून गिटार हे वाद्य त्यांच्या लेखी सूर, ओरखडा, घंटा, कुजबुज यांपैकी काहीही होऊ शकते.

'एंड हिट्स' (१९९८) हे बरेच महिने स्टुडिओत रमलेल्या बँडचे काम आहे. 'आर्पेजिएटर' हा निव्वळ वाद्यांचा तुकडा, दोन गिटारींची सरळ चढउतार. 'पिंक फ्रॉस्टी' इतके हळू, की श्वास रोखून ऐकावे लागते. नावामुळे अनेकांनी हा शेवटचा अल्बम असणार असा तर्क केला होता, तो चुकला.

कारण २००१ च्या ऑक्टोबरमध्ये 'द आर्ग्युमेंट' आला. लोकांना घराबाहेर काढून वस्त्या नव्या पैशासाठी मोकळ्या करण्यावरचे 'कॅशआउट' हे गाणे ज्या संयमाने सुरू होते, तो संयम १९८८ च्या मकायला साधला नसता. गिटार इथे अक्षरशः दोन-दोन स्वर ठेवते आणि बाजूला होते. एमी डोमिंगेझची चेलो आहे, पाठीमागे स्त्रियांचे आवाज आहेत, 'एक्स-स्पेक्टेटर' मध्ये दोन ड्रमवादक आहेत. इतकी माणसे वाढूनही संगीत आधीपेक्षा मोकळे वाटते. ४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या फोरम या सभागृहात त्यांचा आजवरचा शेवटचा कार्यक्रम झाला. बँड मोडल्याचे त्यांनी कधी जाहीर केले नाही.

आपापली मते जरूर मांडावीत, विशेषतः मतभेद असल्यास.

प्रतिसाद १

लेख मनापासून आवडला. 'वेटिंग रूम' मधल्या थांब्याविषयी माझी एक आठवण आहे. मी ते गाणे प्रथम ऐकले ते अमेरिकेहून आलेल्या चुलतभावाने दिलेल्या, कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवर. ती शांतता आली तेव्हा फीत अडकली असे वाटून मी टेपरेकॉर्डरचे झाकण उघडले आणि पेन्सिल शोधू लागलो. नंतर कळले, की गाणे बरोबर होते. त्या दिवसापासून मी गाण्यातल्या न वाजणाऱ्या भागाकडे लक्ष देऊ लागलो, आणि ही सवय मला त्या कॅसेटने लावली.

मात्र 'स्टेडी डाएट' विषयीचा आपला निवाडा मला मान्य नाही. तो अल्बम १९९१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुद्रित झाला आहे. १२ जानेवारीला, म्हणजे आखाती युद्ध सुरू होण्याच्या जेमतेम काही दिवस आधी, हा बँड व्हाइट हाऊससमोरच्या लाफायेट पार्कमध्ये कडाक्याच्या थंडीत युद्धाविरुद्ध वाजवत होता. त्या आठवड्यांत मुद्रित केलेल्या आवाजात ओलावा कुठून येणार? ज्याला आपण कोरडेपणा म्हणता, तो मला दात आवळून बोलणाऱ्या माणसाचा आवाज वाटतो. शिवाय आपल्याच कसोटीने पाहिले तरी 'लाँग डिव्हिजन' मध्ये दोन गिटारी जितक्या कमी बोलतात, तितक्या त्या 'रिपीटर' मध्ये कुठेही बोलत नाहीत. जागा सोडण्याची सुरुवात तिथे झाली आहे. आपण ती 'रेड मेडिसिन' च्या खात्यावर मांडली आहे.

प्रतिसाद २

सुरुवातीलाच आपण पाच डॉलरचे तिकीट बाजूला ठेवले, तिथे माझा आक्षेप आहे. संगीत आणि व्यवहार या बँडच्या बाबतीत वेगळे करताच येत नाहीत, आणि याचा पुरावा आपल्याच लेखात आहे.

अल्बिनीकडे केलेला पूर्ण अल्बम बाजूला ठेवून पुन्हा मुद्रण करायचे, हा निर्णय कोणत्या बँडला परवडतो? ज्याच्यावर कंपनीच्या आगाऊ रकमेचे कर्ज आहे, त्याला नाही. मोठ्या कंपनीत मुद्रणाचा खर्च बँडच्या मानधनातून वळता होतो, प्रकाशनाची तारीख आधी ठरते, आणि नापसंत मुद्रणसुद्धा बाजारात जाते, कारण तोवर जाहिरातीवर पैसे खर्च झालेले असतात. इथे लेबल मकायचे स्वतःचे होते. तारीख पुढे ढकलली तर उत्तर कोणाला द्यायचे नव्हते. तबकडीवर टपालखर्चासह किंमत छापलेली असे, म्हणजे दुकानदाराने जास्त आकारले तर ते विकत घेणाऱ्याला लगेच कळावे.

तिकिटाचेही तसेच आहे. अमेरिकेत मद्यपानाचे कायदेशीर वय २१ असल्यामुळे बारमधल्या कार्यक्रमांना शाळकरी मुलांना येता येत नाही. सर्व वयांना प्रवेश हवा असा आग्रह धरला, की नेहमीच्या जागा बंद होतात आणि शाळेचे व्यायामगृह, चर्चचे सभागृह, सामाजिक केंद्र अशा जागा शोधाव्या लागतात. तिथे ना ठरलेली ध्वनियंत्रणा, ना ठरलेला प्रेक्षक. प्रत्येक रात्री नव्या खोलीच्या प्रतिध्वनीशी जुळवून घ्यावे लागते. अशा हजाराहून अधिक रात्री काढलेले वादक एकमेकांना ऐकायला शिकले नसते, तरच नवल.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांचे आभार. 'लाँग डिव्हिजन' आज संध्याकाळी सलग तीनदा ऐकले. प्रतिसाद १ चे म्हणणे बरोबर आहे. त्या गाण्याला मी न्याय दिला नव्हता. अल्बमच्या एकूण ध्वनीविषयी माझे मत तरीही तेच आहे.

व्यवहाराच्या मुद्द्यावर मी अर्धे पाऊल मागे येतो. तत्त्वांची चर्चा नको असे मला म्हणायचे नव्हते. ती चर्चा संगीताची जागा घेते, याचे दुःख होते. पण मुद्रण रद्द करण्याचे स्वातंत्र्य आणि गिटारींमधली मोकळीक यांचा संबंध आपण ज्या रीतीने दाखवला, तो मला आधी दिसला नव्हता. त्यात एक भर घालतो. फुगाझी मंचावर जाताना गाण्यांची लेखी यादी ठेवत नसत. पुढचे गाणे कोणते, हे कोणीतरी एक सुरावट छेडून किंवा ठेका धरून सुचवी, आणि बाकीच्यांनी ते ओळखून लगेच आत यायचे. म्हणजे सगळी गाणी सगळ्यांच्या हातात कायम तयार हवीत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसरा काय करतो आहे तिकडे कान हवा. घाईने वाजवणाऱ्याला हे जमत नाही.

प्रतिसाद ३

चर्चा गिटारींभोवतीच फिरते आहे, म्हणून ठेक्याची बाजू मांडते. गिटारींना मागे सरता आले, कारण मागे लॅली आणि कँटी उभे होते. गिटारीने वाजवणे सोडले तरी गाणे कोसळत नाही, इतकी ती जोडी भक्कम आहे. बहुतेक रॉकमध्ये बेस हा गिटारीच्या सावलीत चालतो. इथे अनेक गाण्यांची चाल बेसवरच ओळखू येते. कँटीने आपल्या ड्रमसंचात एक जड घंटा टांगली होती. तिचा टोल कधी समेवर पडतो, कधी मुद्दाम अडनिड्या जागी, आणि त्या एका टोलाने सगळ्या वाद्यांना पुन्हा रांगेत आणल्यासारखे होते. ही घंटा ज्यांच्या लक्षात आली नसेल, त्यांनी प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या मुद्रणांत तिच्याकडे कान द्यावा.

दुसरा मुद्दा शब्दांचा आहे. 'सजेशन' हे १९८८ चे गाणे रस्त्यावर छळ सोसणाऱ्या स्त्रीच्या तोंडून बोलते, आणि गातो पुरुष. यावर तेव्हाही वाद झाला, आजही होऊ शकतो. फायर पार्टी या बँडची एमी पिकरिंग काही कार्यक्रमांत ते गाणे गायली आहे. तो बदल ऐकल्यावर मला वाटले, की जागा सोडणे म्हणजे कधीकधी माइकसमोरून बाजूला होणेही असते. हे गाणे गर्दीसमोर वाजवणारा हाच बँड, गर्दीत धक्काबुक्की करून इतरांना, विशेषतः मुलींना, मागे रेटणाऱ्या तरुणांना मंचावरून थांबवत असे, आणि न ऐकणाऱ्याच्या हाती त्याचे पाच डॉलर पाकिटात घालून परत देऊन त्याला बाहेर काढत असे. माझ्यासारख्या, गर्दीच्या कार्यक्रमात नेहमी भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या बाईला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

प्रतिसाद ४

मी या संगीताला अगदी नवीन आहे. हा धागा वाचून दोन दिवसांत '१३ साँग्स' आणि 'द आर्ग्युमेंट' ऐकले. पहिला लगेच आवडला. दुसरा आवडला की नाही ते अजून सांगता येत नाही, पण 'कॅशआउट' ची सुरुवात डोक्यातून जात नाही. मधले अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमांची मुद्रणे कुठून सुरू करावीत, हे कोणी सांगेल का?

धागाकर्ता

क्रम लावायचाच असेल तर आता 'रेड मेडिसिन' ऐकावा, मग मागे येऊन 'इन ऑन द किल टेकर'. दोन टोके आपण ऐकलीच आहेत. मधला सांधा कुठे आहे, ते या दोहोंत सापडेल. 'एंड हिट्स' सर्वांत शेवटी, रात्रीच्या वेळी.

कार्यक्रमांविषयी सांगायचे तर डिस्कॉर्डने डिसेंबर २०११ पासून त्यांची मुद्रणे संकेतस्थळावर ठेवायला सुरुवात केली. बँडच्या ध्वनिव्यवस्थापकाने वर्षानुवर्षे सांभाळलेल्या टेपांमुळे आठशेहून अधिक कार्यक्रम उपलब्ध आहेत. सुचवलेली किंमत पाच डॉलरच आहे, पण एक डॉलरपासून शंभर डॉलरपर्यंत आपल्या ऐपतीप्रमाणे देता येतात. एक जुना आणि एक अखेरचा असे दोन कार्यक्रम निवडून दोन्हींतले 'वेटिंग रूम' लागोपाठ ऐकावे. त्या थांब्यात प्रेक्षक काय करतात, ते दर वेळी निराळे असते.

जेम कोहेन याचा 'इन्स्ट्रुमेंट' हा १९९९ चा माहितीपटही पाहण्यासारखा आहे. त्यात फिलाडेल्फियाच्या एका व्यायामगृहातल्या १९८८ च्या कार्यक्रमाचे चित्रण आहे, ज्यात पिचोटो बास्केटबॉलच्या कड्यातून अंग आत घालून उलटा लटकतो आणि तसाच गातो. तेव्हा त्याच्या गळ्यात गिटार नव्हती, म्हणूनच ते शक्य झाले. पुढच्या वर्षांत ती आली, आणि त्याचे सगळे अंग हातांत उतरले.

प्रतिसाद १

एक गोष्ट राहून गेली, ती नोंदवतो. 'द आर्ग्युमेंट' बरोबरच 'फर्निचर' नावाची तीन गाण्यांची छोटी तबकडी निघाली होती. तिचे शीर्षकगीत २००१ चे नाही. बँड अगदी सुरुवातीच्या कार्यक्रमांपासून ते वाजवत असे, पण त्याचे स्टुडिओतले मुद्रण तोवर झाले नव्हते. म्हणजे एका गिटारीच्या काळातले गाणे, दोन्ही गिटारींनी, जवळजवळ चौदा वर्षांनी. धागाकर्त्यांना विनंती, की जुन्या कार्यक्रमातले 'फर्निचर' आणि तबकडीवरचे 'फर्निचर' शेजारी ठेवून ऐकावे. पिचोटो कुठे आत येतो आणि कुठे मुद्दाम येत नाही, हे मी वहीत लिहून काढतो आहे. पूर्ण झाले की इथेच टाकेन.